टोकियो : एकटीने, पायी, दिवसभर

गाइड नको, टूर बस नको, ग्रुप तर नकोच! सकाळी आठ ते रात्री आठ, एक जोडी शूज आणि टोकियोची जुनी बाजू. एवढ्या अवाढव्य शहरात एकट्या मुलीने भटकणं इतकं सोपं कसं काय?

टोकियो म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? शिबुयाचं ते जगप्रसिद्ध क्रॉसिंग, निऑनचे बोर्ड आणि माणसांनी गच्च भरलेल्या ट्रेन्स. थोडक्यात, आपलं दादर, फक्त जरा जास्त चकचकीत! त्यामुळे ‘टोकियो पायी बघ’ असं कुणी सांगितलं तर आपण त्याला वेड्यात काढू. शहर आहे केवढं! टोकियो महानगराची लोकसंख्या सुमारे १ कोटी ४० लाख. यामानोते ही गोल फिरणारी लोकल घेतली तरी साडेचौतीस किलोमीटर, ३० स्टेशनं आणि एका फेरीला साधारण तास.

पण गंमत अशी, की हे शहर म्हणजे छोट्या छोट्या गावांची गोधडी आहे. अख्खी गोधडी बघायला जायचंच नाही. एक तुकडा निवडायचा आणि मनसोक्त चालायचं. मी निवडला ईशान्येकडचा तुकडा, निप्पोरी स्टेशनपासून सुमिदा नदीपर्यंतचा. या बाजूला ‘शितामाची’ म्हणतात, म्हणजे खालचं गाव. शोगुनांच्या काळात इथे कारागीर, छोटे दुकानदार असे लोक राहायचे. नकाशावर अंतर आठ-दहा किलोमीटर दिसतं. गल्लीबोळ धरले तर सहज चौदावर जातं.

आणि एकटीने का? कारण ग्रुपचे प्लॅन कसे होतात ते तुम्हाला माहीत आहेच. व्हॉट्सअॅपवर ग्रुप बनतो, त्याला भन्नाट नाव मिळतं आणि मग कुणालाच रजा मिळत नाही. मी पडले फ्रीलान्सर. मला रजा देणारं कुणी नाही आणि नाकारणारंही कुणी नाही. ऑक्टोबर संपत आला होता, हवा मस्त गार होती. निघाले!

मांजरांच्या गल्ल्या

निप्पोरी स्टेशनमधून बाहेर पडलं की पाच मिनिटांत आपण चक्क दफनभूमीत असतो. दचकू नका. यानाकाच्या या दफनभूमीत मधोमध चेरीच्या झाडांचा लांबलचक रस्ता आहे. सकाळी आठला तिथे सायकलवरून शाळेत निघालेली मुलं होती, कुत्रा फिरवणारे आजोबा होते आणि एका कबरीच्या कट्ट्यावर ऊन खात बसलेला गुबगुबीत बोका होता. जपानचा शेवटचा शोगुन तोकुगावा योशिनोबू इथेच विसावला आहे. १८६७ साली त्याने सत्ता सोडली आणि शोगुनांचं राज्य संपलं. त्या रस्त्याच्या कडेला पूर्वी पाच मजली पॅगोडा होता. १९५७ साली एका जोडप्याने आत्महत्या करताना तो पेटवून दिला. आता फक्त पायाचे दगड उरलेत.

यानाकाची मजा म्हणजे हा भाग टिकला. १९२३ चा प्रचंड भूकंप आणि १९४५ चे बॉम्बहल्ले, दोन्हींतून तो बऱ्यापैकी वाचला. म्हणूनच लाकडी घरं, जागोजागी देवळं आणि जेमतेम एक गाडी जाईल अशा गल्ल्या अजून आहेत. दहाच्या सुमाराला दुकानं उघडायला लागली तेव्हा मी यानाका गिंझाच्या पायऱ्या उतरले. हा जेमतेम पावणेदोनशे मीटरचा बाजार. चहा, मासळी, चपला, लोणची आणि सगळीकडे मांजरं. म्हणजे मांजरांच्या आकाराचे शिक्के, बिस्किटं, पिशव्या! एका काउंटरवर गरमागरम कोरोक्के घेतलं. बटाट्याचं, ब्रेडचा चुरा लावून तळलेलं, आपल्या कटलेटचं सख्खं भावंडं. दुकानासमोरच उभं राहून खायचं, कागद त्यांच्याच डब्यात टाकायचा आणि पुढे चालायचं.

चालताना एक गोष्ट लक्षात आली. या गल्ल्यांना फुटपाथच नाही. तरीही चालायला त्रास होत नाही. का? गल्लीत एकही गाडी पार्क केलेली नाही! जपानमध्ये १९६२ चा एक कायदा आहे. गाडी विकत घ्यायची तर ती ठेवायला स्वतःची किंवा भाड्याची जागा आहे याचा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो. रात्रभर रस्त्यावर गाडी लावून ठेवायची सोयच नाही. त्यामुळे रस्ता चालणाऱ्यांना मिळतो, म्हाताऱ्यांना मिळतो, कुंड्या ठेवणाऱ्या काकूंनाही मिळतो. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीबाहेरचा रस्ता आठवून बघा आणि एक मोठा सुस्कारा सोडा.

रस्त्याला नावच नाही

यानाकाहून नेझूला जाणारी एक गल्ली आहे, ‘हेबीमिची’, म्हणजे सापाची वाट. ती खरंच सापासारखी वळत जाते, कारण खाली एक बुजवलेला ओढा आहे आणि वाटेने ओढ्याची वळणं तशीच ठेवली आहेत. या गल्लीला निदान टोपणनाव तरी आहे. टोकियोतल्या बहुतेक छोट्या रस्त्यांना नावच नसतं. पत्त्यात असतो विभाग, मग ब्लॉकचा नंबर, मग इमारतीचा नंबर. बऱ्याच जुन्या भागांत इमारतींचे नंबरही ओळीने नसतात. म्हणजे तीनच्या शेजारी चार असेलच असं नाही.

मग लोक घर शोधतात कसं? आता हातात फोन असतो. पण त्याच्याही कितीतरी आधीपासून उत्तर आहे ‘कोबान’. चौकाचौकात असलेली एक-दोन खोल्यांची पोलीस चौकी. भिंतीवर त्या भागाचा मोठा नकाशा, आणि पत्ता सांगणं हे पोलिसांचं रोजचं काम. फोन असूनही मी नेझूच्या देवळाचा रस्ता मुद्दाम तिथे जाऊन विचारला. तरुण पोलीस उठला, नकाशावर बोट फिरवलं, बाहेर येऊन हाताने वळण दाखवलं आणि वाकून नमस्कार केला. ‘एकट्याच आहात का?’ हा प्रश्न आला नाही. आपल्याकडे पोलीस चौकीची पायरी कुणी मुलगी हौसेने चढते का, सांगा बरं?

रस्त्यावर आणखी एक मदतनीस आहे. पायाखालच्या पिवळ्या, उठावदार टाइल्स. दृष्टिहीनांना काठीने किंवा पायाने वाट कळावी म्हणून सेइची मियाके या जपानी माणसाने त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आता त्या आपल्या मेट्रो स्टेशनांवरही दिसतात. फरक इतकाच, की इथे त्या टाइल्सवर कुणी टपरी टाकलेली नसते.

तळ्यात सरस्वती, टेकडीवर कार्बुझिए

नेझूचं देऊळ १७०६ सालचं. लाल लाकडी तोरणांचा बोगदा, त्यातून वाकत वाकत जायचं. फोटोसाठी एकदम झकास! तिथून वीसेक मिनिटांत उएनोचं शिनोबाझू तळं येतं. ऑक्टोबरात कमळं संपलेली असतात, पण वाळक्या, तपकिरी पानांनी तळं गच्च भरलेलं होतं. मधल्या बेटावर बेन्झाइतेनचं देऊळ आहे. ही बेन्झाइतेन कोण? आपली सरस्वती! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानला पोचली. इथे तिच्या हातात वीणेऐवजी बिवा हे वाद्य असतं, आणि कलेबरोबरच ती धनाचीही देवी झाली आहे. म्हणजे लक्ष्मी आणि सरस्वती एकत्र नांदत नाहीत, ही आपली तक्रार जपान्यांनी परस्पर मिटवून टाकली!

तळ्याच्या वरच्या अंगाला उएनो पार्क. १८७३ साली जाहीर झालेल्या जपानच्या पहिल्या सार्वजनिक बागांपैकी ही एक. एका टोकाला पाश्चात्त्य कलेचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, १९५९ सालचं. आराखडा ल कार्बुझिएचा. २०१६ साली युनेस्कोने त्याच्या १७ वास्तू सात देशांतून एकाच यादीत घेतल्या, त्यात ही इमारत आहे आणि चंडीगढचं कॅपिटॉल कॉम्प्लेक्सही. मी आत गेले नाही. बाहेरच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसले. काहीही न करता.

हे ‘काहीही न करता’ नीट वाचा. आपल्या शहरात मुलगी बाहेर असते तेव्हा तिच्याकडे कारण असतं. ऑफिस, क्लास, खरेदी, कुणाची तरी वाट बघणं. कारण नसेल तर आपण फोन कानाला लावतो आणि कारण तयार करतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या बायकांच्या याच वागण्यावर ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ साली लिहिलं. उगाच रेंगाळण्याचा हक्क बाईला का नसावा, असा त्यांचा साधा सवाल आहे. उएनोच्या पायऱ्यांवर माझ्या आजूबाजूला एकट्या बसलेल्या चार बायका होत्या. एक डबा खात होती, एक पुस्तक वाचत होती आणि दोघी माझ्यासारख्याच नुसत्या बसल्या होत्या.

‘किती जण?’ ‘एक!’

दुपारी भूक लागली. हॉटेलात एकटीने जेवायचं म्हणजे आपल्याकडे वेटर आधी आपल्या मागे कोण येतंय ते बघतो. मग ‘फॅमिली’च्या कोपऱ्यात नाहीतर टॉयलेटशेजारच्या टेबलावर रवानगी होते. उएनोजवळच्या सोबा नूडल्सच्या छोट्या दुकानात दाराशीच मशीन होतं. पैसे टाका, चित्राचं बटण दाबा, कूपन घ्या. उडप्याकडच्या कूपनसारखंच, फक्त गल्ल्यावर माणूस नाही. आत एक लांब काउंटर. एक बोट वर केलं, खुर्ची मिळाली. डावीकडे सूट-टायवाला, उजवीकडे कॉलेजची मुलगी, तेही एकटेच. वीस मिनिटांत जेवून बाहेर.

एकट्याने जेवणाऱ्या, फिरणाऱ्या गिऱ्हाइकाला जपानीत खास शब्द आहे, ‘ओहितोरिसामा’. ‘हितोरी’ म्हणजे एक माणूस. पुढचा ‘ओ’ आणि मागचा ‘सामा’ हे दोन्ही आदरार्थी. म्हणजे जवळजवळ ‘श्रीयुत एकटे’! गंमत वाटली, तरी त्यामागे आकडे आहेत. २०२० च्या जनगणनेत जपानमधली सुमारे ३८ टक्के घरं एकेकट्या माणसांची होती. एवढं मोठं गिऱ्हाईक कोपऱ्यात बसवून दुकान कसं चालेल?

पण या नाण्याची दुसरी बाजू तितकीशी गोड नाही. एकट्याने मरून पडलेली आणि कित्येक दिवस कुणाला न कळलेली माणसं, यासाठीही जपानीत शब्द आहे, ‘कोदोकुशी’. २०२१ साली सरकारने एकटेपणाच्या प्रश्नासाठी चक्क मंत्री नेमला आणि २०२४ पासून त्यासाठी कायदाही लागू झाला. संध्याकाळपर्यंत मी काय काय बोलले ते आठवून बघितलं. ‘सुमिमासेन’, ‘अरिगातो’, ‘हितोरी’, बस्स. कुणी त्रास दिला नाही, तसंच कुणी ‘कुठून आलीस गं?’ असंही विचारलं नाही. एका दिवसापुरतं हे सुख आहे. रोजचं असतं तर? हा प्रश्न घेऊनच मी पुढे निघाले.

देवीने दिली वाईट चिठ्ठी

उएनोहून आसाकुसाला जाताना दोन बाजार लागतात. पहिला आमेयोको, रेल्वेच्या पुलाला बिलगून. युद्धानंतरचा काळाबाजार इथे भरायचा. आता सुकी मासळी, चॉकलेटं, जीन्स आणि घसा ताणून ओरडणारे विक्रेते. पूर्ण दिवसात आवाज चढवून बोलणारी माणसं मला फक्त इथे भेटली, आणि खोटं कशाला बोलू, एकदम घरच्यासारखं वाटलं! दुसरा काप्पाबाशी, म्हणजे आपल्या भांडी आळीचा थोरला भाऊ. ८०० मीटर रस्ताभर सुऱ्या, वाडगे, कढया आणि हॉटेलांच्या काचेमागे ठेवतात ते प्लॅस्टिकचे नकली पदार्थ. नकली कोळंबी हातात घेतली तरी तोंडाला पाणी सुटतं!

साडेतीनला सेन्सोजी मंदिर. कथा अशी, की ६२८ साली दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली. कान्नोन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर, जपानमध्ये बहुतेकदा देवीच्या रूपात दिसणारा. बाहेरच्या कामिनारीमोन दरवाजात सुमारे ७०० किलोचा लाल कंदील लटकतो. आजचा दरवाजा १९६० सालचा, पॅनासॉनिकचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांनी दान केलेला. मुख्य मंदिर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळलं, १९५८ साली पुन्हा उभं राहिलं.

इथे १०० येन टाकून भविष्याची चिठ्ठी काढतात. डबा हलवायचा, काडी पडते, काडीवरच्या नंबराचा खण उघडायचा. सेन्सोजी वाईट चिठ्ठ्यांबद्दल प्रसिद्ध आहे. मलाही ‘क्यो’, म्हणजे दुर्भाग्य, आलं. पण सोय छान आहे. नको असलेलं भविष्य तिथल्याच तारेला बांधायचं आणि तिथेच सोडून निघायचं. आपल्या पत्रिकांना अशी सोय हवी होती.

गणपतीला मुळा

सगळे टुरिस्ट इथूनच परत फिरतात. तुम्ही मात्र दहा मिनिटं उत्तरेला चाला. नदीकाठच्या छोट्या टेकडीवर मात्सुचियामा शोदेन आहे. देव कांगितेन. आणि कांगितेन म्हणजे? आपला गणपती! त्याचं जपानी रूप बहुधा जोडीचं असतं, एकमेकांना मिठी मारलेल्या दोन गजमुखी आकृत्या. मूर्ती दर्शनाला ठेवत नाहीत, बंद असते. आणि नैवेद्य? मोदक नाही, दूर्वा नाही. पांढराशुभ्र, लांबलचक मुळा! मंदिरात मुळे विकत मिळतात, गाभाऱ्यासमोर मुळ्यांची रास असते आणि पायऱ्यांवर, भिंतींवर सगळीकडे दोन मुळ्यांची जोडी आणि पैशाची पुरचुंडी कोरलेली दिसते. पुरचुंडी धंद्याच्या भरभराटीसाठी, मुळा आरोग्य आणि घरातल्या सलोख्यासाठी. मुळा म्हणजे मनातला राग, तो देवाला द्यायचा, असंही मानतात. मोदकही अगदीच हरवला नाही बरं का. जपानमध्ये ‘कांगिदान’ नावाची पुरचुंडीच्या आकाराची तळलेली मिठाई आहे. मोदकाचाच हा दूरचा नातलग.

मी हात जोडले. शेजारच्या आजींनी मुळा वाहिला, दोन मिनिटं डोळे मिटले आणि छत्री टेकत निघून गेल्या. ‘बाप्पा मोरया’ माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्या शांततेत मनातच म्हटलं.

पाचच्या आत अंधार

ऑक्टोबरअखेरीस टोकियोत पाचच्या आत सूर्य मावळतो. टेकडी उतरून मी कोतोतोई पुलावर आले तेव्हा समोर ६३४ मीटरचा स्कायट्री उजळला होता. पुलाच्या पायथ्याशी एक साधा स्मृतिशिळेचा दगड आहे. ९ मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकन विमानांनी या भागावर आगीचे बॉम्ब टाकले. दोन्ही काठांवरून लोक जीव वाचवायला याच पुलावर धावले आणि मधोमध अडकले. त्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लाख माणसं गेली. नदीकाठच्या या भागात ज्या रस्त्यांवर मी मजेत फिरत होते ते बहुतेक त्या राखेतून उभे राहिले आहेत, हे तिथे थांबल्यावर कळतं.

पलीकडच्या काठाने सुमिदा पार्कमधून चालत मी रेल्वेपुलाला जोडून बांधलेल्या पादचारी पुलावर आले. हा ‘सुमिदा रिव्हर वॉक’ २०२० साली सुरू झाला. एका बाजूला ट्रेन धडधडत जाते, खाली काळं पाणी. सात वाजले होते. काठावर धावणाऱ्या मुली होत्या, कानात हेडफोन. एक बाई बाकावर बसून कॅनमधली कॉफी पीत होती. मागे वळून कोण येतंय हे कुणीच बघत नव्हतं. आणि थोड्या वेळाने लक्षात आलं, मीही बघत नव्हते. हा जो डोक्यातला चौकीदार आहे ना, सतत चावी बोटांत धरून चालणारा, तो कुठेतरी नेझूच्या आसपास सुट्टीवर गेला होता.

म्हणजे जपान स्वर्ग आहे? अजिबात नाही. गर्दीच्या ट्रेनमध्ये बायकांना चाचपणारे ‘चिकान’ हा इथला जुना रोग आहे. स्टेशनांवर त्याविरुद्ध पोस्टर्स आहेत, सकाळच्या गर्दीत अनेक मार्गांवर लेडीज डबे आहेत, आणि चोरून फोटो काढण्याचे प्रकार इतके, की इथे विकल्या जाणाऱ्या फोनच्या कॅमेऱ्याचा ‘क्लिक’ आवाज सहसा बंदच करता येत नाही. जी मुलगी नदीकाठी रात्री बिनधास्त धावते, तीच सकाळी ट्रेनमध्ये बॅग छातीशी धरून उभी असते.

तरीही रस्ता तिचा आहे. आणि तो ‘जपानी संस्कृती’ नावाच्या जादूने झालेला नाही. पार्किंगचा कायदा आहे, कोपऱ्यावर कोबान आहे, रात्रभर उघडी दुकानं आहेत, उजेड आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर थोड्या अंतरावर फुकट, स्वच्छ टॉयलेट आहे. हसू नका. एकट्या बाईचा दिवसभराचा फेरफटका याच एका गोष्टीवर अवलंबून असतो. मुंबईत बायकांना साध्या मुतारीसाठी २०११ पासून ‘राइट टू पी’ ही मोहीम चालवावी लागली आहे. यातली एकही गोष्ट आपल्या महापालिकांना झेपणार नाही इतकी कठीण नाही. मागायला मात्र हवी, आणि त्यासाठी ती कुठेतरी एकदा वापरून बघायला हवी.

तुम्हालाही जायचंय?

* व्हिसा : भारतीयांना आधीच काढावा लागतो. कागदपत्रं वेळेत जमवा.
* कधी : मार्चअखेर ते एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये घामाने मुंबईची आठवण येईल.
* क्रम : निप्पोरी, यानाका, नेझू, उएनो, काप्पाबाशी, सेन्सोजी, मात्सुचियामा, सुमिदा. छोटी देवळं संध्याकाळी लवकर बंद होतात. सेन्सोजी मात्र रात्री पुन्हा बघा, दिवे आणि शांतता, दोन्ही मिळतं.
* कचरा : १९९५ च्या मेट्रोमधल्या सरीन हल्ल्यानंतर बऱ्याच कचराकुंड्या काढून टाकल्या गेल्या. पर्समध्ये एक रिकामी पिशवी ठेवाच.
* शाकाहारी : भाज्यांच्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो, त्याला ‘दाशी’ म्हणतात. आधी विचारा. भातात मनुकासारखं दिसणारं आंबट ‘उमे’ भरलेला ओनिगिरी सोबत असू द्या.
* पैसे : छोट्या दुकानांसाठी आणि देवळांसाठी सुटी नाणी हवीत. पाय दुखले तर लोकलसाठी सुइका किंवा पास्मो कार्ड.
* शूज : जुने, पायाला सरावलेले. नवे शूज फोटोत छान दिसतात, बाराव्या किलोमीटरला नाही!